बोटांवर मोजलेली नक्षी



'डिजिटल कला' म्हटले की संगणकाच्या पडद्यावरचे चित्र डोळ्यांपुढे येते. पण 'डिजिट' या शब्दाचा लॅटिनमधला मूळ अर्थ आहे बोट. बोटांवर मोजतात, म्हणून पुढे त्याचा अर्थ अंक झाला. या अर्थाने आपल्या घरातली पैठणी पाहावी. येवल्याचा विणकर पदरावरचा मोर धागे मोजूनच विणतो आणि त्यातली जर पुष्कळदा आपल्या सुरतेची असते.

मोजण्याचे हे काम यंत्राकडे गेले ते फ्रान्समधील लियों शहरात. १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जॅकार्डने मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ चढवली. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. १८३९ मध्ये या पद्धतीने जॅकार्डचेच रेशमी चित्र विणले गेले. त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले. असे एक चित्र लंडनच्या चार्ल्स बॅबेजने घरी लावले होते. आपल्या गणितयंत्राला आज्ञा देण्यासाठी त्याने असेच पुठ्ठे योजले आणि १८४३ मध्ये एडा लव्हलेसने त्या यंत्राची तुलना फुलेपाने विणणाऱ्या मागाशी केली. संगणकाच्या कुळात विणकर आहे, तो असा.

सुरतेच्या मागांवरही हे पुठ्ठे आले. नक्षीकार चौकटीच्या कागदावर फूल रंगवी. उभी रांग ताण्याची, आडवी बाण्याची. पाकळीची गोलाई कोणत्या चौकोनात तोडायची, हे त्याची नजर ठरवी. मग दुसरा कारागीर तो कागद वाचून पुठ्ठ्यांना भोके पाडी. १९८३ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले. आज संगणकावरची नक्षी थेट मागाला देता येते. भोके पाडणाऱ्याचे काम गेले. चौकोन भरणारी नजर मात्र लागतेच. डोळे दुखतात म्हणून माझ्या दवाखान्यात येणाऱ्यांत असे तरुण असतात.

चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात सही करतो. साडीवर नक्षीकाराचे नाव नसते. आता कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात नमुने काढते, पण ती शिकते माणसांनी आधी काढलेल्या नक्ष्यांवरूनच. ज्याचे नाव कुठे लिहिलेच नाही, त्याने श्रेय मागावे कशाच्या आधारे?

तापीच्या काठाने खानदेशातून इथे आलेल्या अनेक घरांचे पोट कापडावर चालले. कुणाच्या माळ्यावर असे रंगवलेले कागद असतील, तर ते रद्दीत देऊ नयेत. मागच्या बाजूला काढणाऱ्याचे नाव, गाव आणि आठवेल ते साल लिहून ठेवावे.