मोजपट्टी कोणाच्या हातात?

बिल रसेल मोठा की विल्ट चेंबरलेन, मायकेल जॉर्डन मोठा की लेब्रॉन जेम्स, हा बास्केटबॉलमधला वाद अमेरिकेत कधी संपत नाही. आता तो आपल्या महाविद्यालयांच्या मैदानांवरही ऐकू येतो. मी इतिहास शिकवतो. माझ्या वर्गातली मुले हा वाद आकड्यांनी लढवतात. एकाने जॉर्डनची सहा विजेतेपदे सांगितली की दुसरा लेब्रॉनचे चाळीस हजारांवरचे गुण पुढे करतो. आकडे खरे आहेत. पण ते कोणी लिहून ठेवले, काय मोजले आणि काय मोजायचे राहिले, मोजणी सुरू झाली तेव्हा दाराबाहेर कोण उभे होते, हे प्रश्न त्या वादात येत नाहीत. आमचे साहित्य प्रस्थापितांच्या तराजूत तोलू नका, असे ज्यांनी वर्षानुवर्षे भांडून सांगितले त्यांना तरी हे प्रश्न परके वाटू नयेत.

1950 साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जॉर्ज मायकनला अर्ध्या शतकातला सर्वश्रेष्ठ बास्केटबॉलपटू ठरवले. मायकन मिनियापोलिस लेकर्सचा खेळाडू. सहा फूट दहा इंच उंच, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि फळीखाली त्याला आवरणे महाकठीण. त्याच्या गुणवत्तेबद्दल मला शंका नाही. परंतु हा कौल दिला गेला तेव्हा त्याच्या लीगमध्ये, म्हणजे नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन ऊर्फ एन.बी.ए.मध्ये, एकही काळा खेळाडू मैदानात उतरलेला नव्हता. पहिला उतरला तो अर्ल लॉइड, 31 ऑक्टोबर 1950 रोजी. चक कूपर आणि नॅट क्लिफ्टन त्याच्या मागोमाग आले. त्यातही कूपरची निवड लॉइडच्या आधी झाली होती; वेळापत्रकात लॉइडचा सामना एक दिवस अगोदर लागला एवढेच. म्हणजे अर्ध्या शतकाचा सर्वश्रेष्ठ ठरला तेव्हा त्याच्या लीगने अर्धी गुणवत्ता पाहिलेलीच नव्हती.

आणि ती गुणवत्ता कुठे लपून बसली होती असेही नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत 1923 साली रॉबर्ट डग्लस या वेस्ट इंडीजमधून आलेल्या गृहस्थाने रेनेसान्स नावाचा संघ काढला. मालक काळा, खेळाडू काळे, खेळायची जागा म्हणजे एक नृत्यगृह. याच संघाने 1932-33 च्या हंगामात सलग 88 सामने जिंकले. दक्षिणेत दौऱ्यावर गेले की हॉटेलात खोली मिळत नसे, खाणावळीत पान मिळत नसे. कित्येकदा बसमध्येच झोपायचे आणि गार अन्न खाऊन संध्याकाळी मैदानात उतरायचे. 1939 साली शिकागोत जागतिक व्यावसायिक स्पर्धा भरली. तिथे गोऱ्यांचे संघ आणि काळ्यांचे संघ एकाच स्पर्धेत होते. अंतिम सामन्यात रेनेसान्सने ऑशकॉश ऑल-स्टार्स या गोऱ्यांच्या बलाढ्य संघाला 34-25 असे हरवले. पुढे फेब्रुवारी 1948 मध्ये हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या काळ्यांच्या संघाने खुद्द मायकनच्या लेकर्सला शिकागोतच 61-59 असे नमवले. ग्लोबट्रॉटर्स म्हणजे गंमतीजमती करून लोकांना हसवणारे, अशी त्यांची ख्याती होती. विदूषकांनी राजाला हरवले, आणि तरीही दोन वर्षांनी मुकुट राजाच्याच डोक्यावर गेला! दोष मायकनचा नव्हे. पण रेनेसान्सच्या पॉप गेट्सने त्याच्यासमोर वर्षानुवर्षे खेळून काय केले असते, याचा तक्ता कोणत्याही नोंदवहीत नाही. आणि ज्याचा तक्ता नाही तो वादात येत नाही.

आता दार उघडल्यानंतरचे पाहू. एक हंगाम मला नेहमी विचारात पाडतो: 1961-62 चा. त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या विल्ट चेंबरलेनने प्रत्येक सामन्यात सरासरी 50.4 गुण केले. 2 मार्च 1962 रोजी पेनसिल्व्हेनियातील हर्शी या गावी न्यूयॉर्कविरुद्ध त्याने एकट्याने 100 गुण केले. हा विक्रम आजही कोणी मोडलेला नाही. सामन्याला जेमतेम चार हजार प्रेक्षक होते आणि दूरचित्रवाणीचा कॅमेरा नव्हता. त्याच हंगामात सिनसिनाटीच्या ऑस्कर रॉबर्टसनने सरासरी 30.8 गुण, 12.5 रिबाउंड आणि 11.4 असिस्ट अशी कामगिरी केली. रिबाउंड म्हणजे फळीवरून वा कड्यावरून परतलेला चेंडू ताब्यात घेणे, आणि असिस्ट म्हणजे सोबत्याला गुण करता येईल असा चेंडू देणे. तिन्ही बाबतींत दोन अंकी सरासरी राखणे पुढे 2016-17 पर्यंत दुसऱ्या कोणालाच जमले नाही.

मग त्या वर्षीचा सर्वांत मोलाचा खेळाडू कोण ठरला? चेंबरलेनही नाही आणि रॉबर्टसनही नाही. ठरला बोस्टन सेल्टिक्सचा बिल रसेल, सरासरी फक्त 18.9 गुण करणारा. हा किताब त्या काळी खेळाडू स्वतः मते देऊन ठरवीत. उलट हंगामाचा आदर्श संघ वृत्तपत्रे आणि नभोवाणीवाले निवडत. त्यांनी मध्यस्थानी चेंबरलेनला पहिल्या संघात घेतले आणि रसेलला दुसऱ्या संघात टाकले. जे खेळत होते त्यांच्या मते रसेल साऱ्या लीगमध्ये पहिला; जे पाहून लिहीत होते त्यांच्या मते तो आपल्या जागेवरही दुसरा. हंगामाच्या शेवटी अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात रसेलने 30 गुण आणि 40 रिबाउंड केले आणि बोस्टन जादा वेळेत तीन गुणांनी जिंकले.

हा फरक का पडला? मला वाटते, रसेलचे मुख्य काम मोजलेच जात नव्हते. प्रतिस्पर्ध्याने टाकलेला चेंडू हवेतच अडवणे, म्हणजे ब्लॉक, ही त्याची खासियत. इतरांसारखा तो अडवलेला चेंडू प्रेक्षकांत भिरकावत नसे. आपल्याच सोबत्याच्या हाती जाईल असा हलकेच वळवीत असे. त्याच्या धास्तीने समोरचे खेळाडू टोपलीजवळ यायचेच टाळत. न टाकलेला चेंडू कोण मोजणार? एन.बी.ए.ने ब्लॉकची अधिकृत नोंद सुरू केली ती 1973-74 मध्ये. रसेल निवृत्त झाला 1969 साली. त्यामुळे ज्या कामासाठी तो इतिहासात गेला, त्यातले एकही काम अधिकृत खात्यावर जमा नाही. आणखी एक गंमत पाहा. अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पारितोषिकाला 2009 पासून रसेलचे नाव आहे. पण ते सुरू झाले 1969 साली, त्याच्या शेवटच्या हंगामात, आणि त्या वर्षी ते पराभूत संघातल्या जेरी वेस्टला मिळाले. तेरा हंगामांत अकरा विजेतेपदे मिळवणाऱ्याच्या नावावर त्याच्याच नावाचे पारितोषिक नाही.

विरुद्ध बाजूही मांडली पाहिजे. रसेल आला तेव्हा लीगमध्ये आठ संघ होते, आज तीस आहेत. मोजक्या संघांत अकरा वेळा जिंकणे आणि तिसांत सहा वेळा जिंकणे यांची वजाबाकी करता येत नाही. शिवाय बोस्टनमध्ये कूझी, सॅम जोन्स, हॅवलिचेक असे मातब्बर साथीदार होते. चेंबरलेनच्या आकड्यांनाही हाच न्याय लावावा लागेल. त्या काळी खेळ फार वेगाने चाले, नेम आजच्यापेक्षा अधिक चुकत, त्यामुळे परतलेले चेंडूही अधिक. कारकिर्दीत सरासरी 22.9 रिबाउंड ही संख्या आज कोणी गाठणार नाही. त्याचे कारण आजचे खेळाडू दुबळे आहेत हे नव्हे. तीन गुणांची रेषा एन.बी.ए.त आली ती 1979 साली. त्या रेषेच्या आधारावर घडलेल्या खेळाडूला रॉबर्टसनशी ताडणे म्हणजे वेगळ्या छंदातल्या दोन कवितांच्या मात्रा मोजत बसणे होय. नियमसुद्धा खेळाडू पाहून बदलले गेले. फळीखालची जागा सहा फुटांची बारा फूट झाली ती 1951 साली मायकनमुळे, आणि बाराची सोळा झाली ती 1964 साली चेंबरलेनमुळे. 1967 मध्ये महाविद्यालयीन सामन्यांत वरून चेंडू कोंबण्यावर, म्हणजे डंकवर, बंदी आली, ती 1976 पर्यंत टिकली. ल्यू अल्सिंडर हा काळा विद्यार्थी तेव्हा नुकताच तळपू लागला होता. पुढे तो करीम अब्दुल-जब्बार झाला. बंदी त्याच्यासाठीच, असे तेव्हाही बोलले गेले. मात्र नियम गोऱ्या मायकनसाठीही बदलला होता, तेव्हा प्रत्येक नियमामागे वर्णद्वेषच शोधण्याची घाई करू नये. त्या बंदीवर उपाय म्हणून करीमने उंचावरून एका हाताने चेंडू सोडण्याचा हुक घोटला. त्या जोरावर केलेला 38,387 गुणांचा डोंगर 1989 पासून उभा होता. तो ओलांडायला 7 फेब्रुवारी 2023 पर्यंत लेब्रॉनला थांबावे लागले.

लेब्रॉनवर एक आरोप नेहमी होतो: तो संघ बदलत फिरला, जुने एका संघाशी इमान राखून राहिले. हे ऐकले की माझ्यातला इतिहासाचा शिक्षक जागा होतो. जुन्यांचे इमान हे बव्हंशी बंधन होते. करार संपला तरी खेळाडूवर मालकाचा हक्क राही. मालकाला वाटले तर मात्र तो खेळाडूला विकू शके. चेंबरलेनसारख्यालाही 1965 आणि 1968 असे दोनदा दुसऱ्या संघाकडे देण्यात आले. हे बंधन तोडायला 1970 साली खेळाडू संघटनेचा अध्यक्ष म्हणून ऑस्कर रॉबर्टसनने लीगविरुद्ध न्यायालयात दावा लावला. तो 1976 मध्ये मिटला आणि खेळाडूला आपला संघ निवडण्याचा मार्ग मोकळा होऊ लागला. त्याआधी जानेवारी 1964 मध्ये बोस्टनला मातब्बरांचा प्रदर्शनीय सामना होता. प्रक्षेपणाची वेळ आली तरी काळे-गोरे सगळे खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीत बसून राहिले आणि निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळाल्यावरच बाहेर आले. 2010 साली लेब्रॉन क्लीव्हलँड सोडून मायामीला गेला तो या लढ्यांनी मिळवलेल्या हक्काने. रॉबर्टसनच्या तक्त्यात गुण आहेत, रिबाउंड आहेत, असिस्ट आहेत. या दाव्याचा रकाना नाही.

कार्यकर्त्या मित्रांशी माझे एका मुद्द्यावर पटत नाही. ते म्हणतात, रसेलने भूमिका घेतली, जॉर्डन गप्प राहिला, म्हणून रसेल मोठा. 1990 साली नॉर्थ कॅरोलिनात हार्वी गँट हा काळा उमेदवार जेसी हेल्म्ससारख्या वर्णवादी सिनेटरविरुद्ध उभा होता, तेव्हा त्याच राज्यात वाढलेल्या जॉर्डनने जाहीर पाठिंबा दिला नाही. त्याबद्दल त्याला जरूर जाब विचारावा. त्यानेच 2020 साली काळ्यांच्या न्यायासाठी दहा वर्षांत दहा कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले, हेही नोंदवावे. पण मौनाने त्याची उडी एक इंचही कमी होत नाही, आणि भूमिकेमुळे रसेलच्या खात्यात एक गुणही वाढत नाही. तसे केले तर मोजपट्टी बदलण्याऐवजी आपण नुसता आपला माणूस निवडला असे होईल.

भूमिकेचा नव्हे, परिस्थितीचा हिशेब मात्र झालाच पाहिजे. रसेल 1934 साली लुइझियानातील मन्रो गावी जन्मला. दक्षिणेतला जाच सोडून त्याचे आईवडील कॅलिफोर्नियात ओकलँडला आले. याच ओकलँडमध्ये 1966 साली ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला आणि त्याचेच नाव 1972 साली मुंबईत दलित पँथरने घेतले. ऑक्टोबर 1961 मध्ये, म्हणजे ज्या हंगामाबद्दल मी वर लिहिले त्याच्या तोंडावर, केंटकीतील लेक्सिंग्टनमध्ये हॉटेलच्या उपाहारगृहाने सेल्टिक्सच्या काळ्या खेळाडूंना वाढायचे नाकारले. रसेल आणि त्याचे काळे साथीदार विमान पकडून परत गेले; प्रदर्शनीय सामना उरलेल्या गोऱ्या खेळाडूंनीच उरकला. बोस्टनजवळच्या रेडिंग गावात त्याचे घर फोडून भिंतींवर वर्णद्वेषी शिव्या लिहिल्या गेल्या, बिछान्यात विष्ठा टाकली गेली. ज्या शहराला तो दर वर्षी विजेतेपद मिळवून देत होता त्याच्याच वेशीवरची ही गोष्ट आहे. त्याच बोस्टनने 1966 साली त्याला प्रशिक्षक नेमले. एन.बी.ए.चा तो पहिला काळा मुख्य प्रशिक्षक. खेळता खेळता त्याने 1968 आणि 1969 ची विजेतेपदेही मिळवली. झोप, अन्न आणि घराची सुरक्षितता ही खेळाडूची शिदोरी असते. ती हिरावून घेतलेल्या माणसाचे 40 रिबाउंड आणि खासगी विमानातून उतरलेल्या माणसाचे 40 रिबाउंड एकाच रकान्यात लिहिता येतील; एकच आहेत असे मला म्हणता येत नाही. एवढ्यासाठी, आणि 1962 च्या खेळाडूंच्या त्या मतदानासाठी, मी रसेलला पहिला मानतो. कोणी जॉर्डनला मानले तर मी भांडणार नाही. फक्त तो कोणत्या मोजपट्टीने मानतो हे विचारीन.

शिवाय या साऱ्या वादात बाई कुठेच नाही. मिसिसिपीच्या गरीब काळ्या कुटुंबातल्या लुसिया हॅरिसने डेल्टा स्टेट विद्यापीठाला 1975 ते 1977 अशी लागोपाठ तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. 1976 च्या ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांचे बास्केटबॉल प्रथमच आले तेव्हा पहिली टोपली तिनेच केली. 1977 साली तिचे शिक्षण संपले तेव्हा अमेरिकेत स्त्रियांची व्यावसायिक लीगच नव्हती. तिची तुलना कोणत्या युगातल्या कोणाशी करायची?

1975 साली बास्केटबॉलच्या सन्मानगृहात रसेलचे नाव दाखल झाले. खेळाडू म्हणून तिथे प्रवेश मिळालेला तो पहिला काळा माणूस. तो समारंभाला गेला नाही आणि त्याने अंगठी घेतली नाही. आपल्या आधी हा मान दुसऱ्यांना मिळायला हवा होता, असे त्याचे म्हणणे होते. 1950 साली बोस्टननेच निवडलेला चक कूपर 1984 मध्ये वारला. त्याला सन्मानगृहाने 2019 च्या सप्टेंबरात घेतले. त्यानंतर दोन महिन्यांनी, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी, मोजक्या माणसांच्या खासगी समारंभात रसेलने आपली अंगठी स्वीकारली.