मागेल त्याला काम, शिकेल त्याला काय?

1972 च्या पावसाने महाराष्ट्राकडे पाठ फिरवली आणि 1973 च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं उभी राहिली. कुठे खडी फोडायची, कुठे पाझर तलाव खोदायचा, कुठे रस्त्यावर माती टाकायची. शेतात पिकलं नव्हतं, म्हणून हातात पैसा नव्हता. तो या कामांच्या मजुरीतून आला आणि त्यावर घरं तगली.

रोजगार हमीची कल्पना मात्र दुष्काळाच्या आधीची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर परिसरात तिचा प्रयोग करून पाहिला होता. काम मागणाऱ्या प्रत्येकाला सरकारने काम द्यायचं, एवढं साधं सूत्र. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी ते राज्यभर नेलं. 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला.

या कायद्यातली खरी धार मजुरीच्या दरात नव्हती. ग्रामीण भागातल्या अठरा वर्षांवरच्या कुणीही अंगमेहनतीचं काम मागितलं, तर ते पंधरा दिवसांत द्यायचं. देता आलं नाही, तर बेकारी भत्ता द्यायचा. म्हणजे रोख रक्कम तिथे मदत म्हणून येत नव्हती, सरकार कमी पडलं म्हणून येत होती. भत्ता अगदी तुटपुंजा होता आणि प्रत्यक्षात क्वचितच कुणाच्या हाती पडला, हेही खरं. पण मागणाऱ्याची बाजू कायद्याने धरली होती.

पैसा कुठून आला, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. 1975 मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापलेली ही रक्कम रोजगार हमीच्या निधीत जाई आणि राज्य सरकार तेवढीच भर घाली. मुंबईच्या कारकुनाने मराठवाड्यातल्या मजुराची मजुरी भरावी, अशी ही रचना होती. ती उभी करणाऱ्यांचं मोल महाराष्ट्राने पुरेसं ओळखलेलं नाही. 1990 पासून याच योजनेला फळबाग लागवड जोडली गेली, आणि कोरडवाहू रानांत आंबा, डाळिंब, बोरं उभी राहिली. पुढे 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने हेच सूत्र देशभर नेलं; फक्त हमीला वर्षाकाठी शंभर दिवसांची मर्यादा आली.

या सगळ्यात शिकलेला तरुण कुठेच नव्हता. मातीकामाला यायला त्याला मनाई नव्हती, पण आईबापांनी त्याला शाळेत घातलं होतं ते मातीतून सुटावा म्हणूनच. मॅट्रिक झाला की तो जिल्ह्याच्या सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवी, कार्ड घेई आणि ‘कॉल’ची वाट बघत बसे. 1959 च्या कायद्याने मालकांवर रिकाम्या जागा कळवण्याची सक्ती होती. त्या कार्यालयामार्फतच भरण्याची नव्हती. त्यामुळे कार्डाचं नूतनीकरण होत राही आणि वय वाढत जाई.

2024 च्या पावसाळ्यात राज्य सरकारने रोख रकमेचा रस्ता धरला. एकवीस ते पासष्ट वयाच्या पात्र महिलांना ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा 1,500 रुपये सुरू झाले. तरुणांसाठी ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ आली. लोकांनी तिला ‘लाडका भाऊ’ म्हटलं. बारावी झालेल्याला 6,000, आयटीआय वा पदविकाधारकाला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये दरमहा, कामावरच्या प्रशिक्षणाचे सहा महिने. मुदत पुढे अकरा महिन्यांपर्यंत वाढवण्यात आली.

या पैशाला कमी लेखण्याचं कारण नाही. स्वतःच्या खात्यात आलेले दीड हजार रुपये बाईच्या औषधाला, पोराच्या वहीला लागतात. कार्यालयात काही महिने काढलेला पदवीधर तिथलं कामकाज शिकतो. पण त्या मुदतीनंतर त्याच्या हाती प्रमाणपत्र उरतं, हक्क उरत नाही. पंधरा दिवसांत काम द्या, नाहीतर भरपाई द्या, असं 1979 मध्ये निरक्षर मजूर कायद्याच्या आधाराने म्हणू शकत होता. आजचा पदवीधर प्रशिक्षणार्थी तसं म्हणू शकत नाही. नव्या योजनेतली ही उणीव भरून काढायला विधिमंडळाने पागेंचा कायदा पुन्हा एकदा उघडून वाचायला हवा.