डंकर्कच्या लाकडी नौकांचा शोध

14 मे 1940 रोजी ब्रिटिश नौदल खात्याचा एक आदेश बीबीसीवरून वाचला गेला. 30 ते 100 फूट लांबीची, इंजिनावर चालणारी हौशी नौका ज्यांच्याकडे असेल त्यांनी 14 दिवसांत तिचा तपशील कळवावा, असे त्यात म्हटले होते. हा आदेश डंकर्कसाठी काढलेला नव्हता. पण पंधरवड्याच्या आतच फ्रान्सच्या किनाऱ्यावर डंकर्क येथे अडकलेले सैन्य परत आणण्याची वेळ आली आणि थेम्स नदीवरच्या सहलीच्या नौका युद्धात ओढल्या गेल्या. 26 मे ते 4 जून या काळात 3,38,226 सैनिक इंग्लंडला पोहोचले. त्यांतले बहुसंख्य मोठ्या जहाजांतून आले हे खरे. पण उथळ किनाऱ्यावरून माणसे उचलून त्या जहाजांपर्यंत नेण्याचे काम छोट्या नौकांनी केले.

या नौकांची नोंद मात्र विस्कळीत राहिली. टेडिंग्टनच्या टफ ब्रदर्स या कारखान्याच्या मालकाने नदीवरून शंभराहून अधिक नौका गोळा केल्या. घाई इतकी होती की मालकांशी बोलायलाही नेहमी सवड मिळत नव्हती. बहुतेक नौका नौदलाच्या माणसांनी नेल्या. कोणती गेली, कोणती बुडाली, किती फेऱ्या झाल्या, हे सगळे नीट टिपून ठेवणारे कोणी नव्हते. टायटॅनिकवरून वाचलेल्यांतला सर्वांत ज्येष्ठ अधिकारी चार्ल्स लाइटोलर याने आपली 58 फुटी ‘सनडाउनर’ स्वतः नेली आणि सुमारे 130 माणसे परत आणली, म्हणून तिची कथा टिकली. ती नौका मुळात 1912 सालची नौदलाची वाफेवर चालणारी होडी होती; पुढे तिची मोटरनौका झाली. एकाच सांगाड्यावर असे दोन-तीन जन्म चढलेले असतात आणि ओळख पटवण्याची खरी अडचण तिथेच असते.

युद्धानंतर ब्रिटनमध्ये घरांची टंचाई होती. अनेक नौकांतली इंजिने काढली गेली, डेकवर खोल्या उभ्या राहिल्या, नावे बदलली आणि त्या नदीकाठची तरंगती घरे बनल्या. या रूपाने त्या विद्रूप झाल्या. पण वाचल्याही, कारण आत माणूस राहत असेल तर गळती बुजवली जाते. 1960 च्या दशकात बीबीसीचे निवेदक रेमंड बॅक्स्टर यांना आपण घेतलेली ‘लोराज’ ही 1938 सालची नौका डंकर्कला जाऊन आल्याचे कळले. त्यांच्या पुढाकाराने 1965 मध्ये, त्या घटनेला पंचवीस वर्षे झाल्याच्या स्मरणार्थ, 43 नौका पुन्हा डंकर्कला गेल्या. त्यातून डंकर्क लिटल शिप्सची संघटना उभी राहिली आणि विस्मृतीत गेलेल्या नौका पद्धतशीर हुडकण्याचे काम सुरू झाले.

नाव हा सर्वांत कच्चा पुरावा. मालक बदलला की नाव बदलते, शिवाय एका नावाच्या अनेक नौका असतात. वेगाचे विक्रम करणारे सर माल्कम कॅम्बेल यांनीच एकाहून अधिक नौकांना ‘ब्लूबर्ड’ हे नाव दिले होते. त्यांतली थॉर्निक्रॉफ्ट या कंपनीने 1931 मध्ये बांधलेली नौका 1980 च्या दशकात फ्रान्समध्ये मोडकळीस आलेल्या अवस्थेत सापडली. पक्का पुरावा लाकडातच असतो. ब्रिटिश कायद्यानुसार नोंदणी झालेल्या जहाजाचा अधिकृत क्रमांक आणि टनेज मुख्य तुळईवर कोरावे लागते. रंगाचे थर जपून खरवडले की हे आकडे दिसतात. तो क्रमांक मिळाला की 1878 ते 1980 या काळात निघालेल्या लॉइड्स या संस्थेच्या नौकासूचीत बांधणारा, वर्ष, मोजमापे आणि जुनी नावे ताडून पाहता येतात. ज्यांची अशी नोंदणीच झाली नव्हती त्यांच्यासाठी नाळेचा आकार, खिडक्यांची ठेवण आणि जुनी छायाचित्रे एवढाच आधार उरतो.

ओळख पटल्यावर घाई करणाऱ्यांनी बरेच नुकसान केले आहे. लाकडी नौकेचा शत्रू समुद्राचे खारे पाणी नव्हे, तर डेकच्या फटींतून झिरपणारे पावसाचे गोडे पाणी. कुज तुळयांच्या टोकांशी आणि झाकलेल्या कोपऱ्यांत सुरू होते. लोखंडी खिळे गंजून भोवतालचे ओक खातात. तांब्याचे रिव्हेट तुलनेने टिकतात. गळती थांबवण्यासाठी बाहेरून फायबरग्लास चढवले तर ओल आत कोंडते आणि कुज वाढते. नौका काठावर उन्हात ठेवली तर फळ्या आकसून सांधे उघडतात. नीट आधार न देता उचलली तर कणा वाकतो. म्हणून आधी मोजमापे आणि छायाचित्रे घ्यायची, मग आधार द्यायचे आणि सर्वांत शेवटी लाकडाला हात लावायचा, हाच क्रम योग्य. सागवान असेल तर मूळ फळ्या बहुधा वाचतात. मुंबईत सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे 1817 चे युद्धजहाज इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे.

किती लाकूड बदलावे, हा वाद मिटलेला नाही. मात्र क्रमांक कोरलेली तुळई काढून टाकली तर नौका नवी दिसेल, पण तिची ओळख सांगणारी साक्ष जाईल. ब्रिटनच्या ऐतिहासिक जहाजांच्या राष्ट्रीय नोंदवहीसाठी नौका पन्नास वर्षांहून जुनी आणि 33 फुटांहून लांब असावी लागते, आणि मूळचे किती शिल्लक आहे हेही पाहिले जाते. या शोधाचे फळही दिसते आहे: 1965 साली डंकर्कला 43 नौका परत गेल्या होत्या. 2025 मध्ये, ऐंशी वर्षांहून जुन्या झालेल्या साठाहून अधिक नौका इंग्लंडमधल्या रॅम्सगेट बंदरातून डंकर्ककडे निघाल्या.