बडोदे संस्थानातील ग्रामग्रंथालय : सेवांचे स्वरूप आणि वाचकाचा प्रश्न

प्रस्तावना

भारतातील सार्वजनिक ग्रंथालय चळवळीचा इतिहास लिहिताना बडोदे संस्थानाचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. तथापि हा उल्लेख बहुधा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचे द्रष्टेपण, अमेरिकन ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांची १९१० मधील नियुक्ती आणि बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय या तीन मुद्द्यांपाशी थांबतो. खेड्यातील लहान ग्रंथालय प्रत्यक्षात कोणती सेवा देत होते आणि ती कोणापर्यंत पोहोचत होती, हा प्रश्न दुय्यम ठरतो. वस्तुतः या चळवळीचे मूल्यमापन तेथूनच व्हावयास हवे.

सक्तीचे शिक्षण आणि ग्रंथालयाची गरज

सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. चार-पाच इयत्ता शिकून शेतीकडे वळलेला मुलगा वाचावयास काही नसल्यामुळे काही वर्षांत पुन्हा निरक्षर होतो, ही अडचण शिक्षणखात्यापुढे होती. ग्रामग्रंथालयाचा जन्म या अडचणीतून झाला. मुंबई इलाख्यातील 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' इंग्रज अधिकारी व नवशिक्षित वर्गाच्या वर्गणीतून उभ्या राहिल्या होत्या. बडोद्याच्या ग्रामग्रंथालयाची धारणा मुळातच वेगळी होती. येथे ग्रंथालय हे शाळेचे पुढचे पाऊल मानले गेले.

बॉर्डन येण्यापूर्वीच मोतीभाई अमीन यांनी गुजराती गावांतून 'मित्रमंडळ' वाचनालये सुरू केली होती. या कार्याचे श्रेय बॉर्डन यांच्या झगमगाटात थोडे झाकले गेले, असे म्हणावे लागते. शाळामास्तर हा या वाचनालयांचा कणा होता. बहुतेक ठिकाणी तोच ग्रंथपाल असे. पुढे संस्थानाने ठरविलेली पद्धत याच पायावर उभी राहिली. गावाने जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच पंचायतीने व तेवढीच सरकारने द्यावी, असा तिचा नियम होता. खेड्यासाठी प्रत्येक हिश्शाची मर्यादा १०० रुपयांची होती. रक्कम लहान असली, तरी गावाने स्वतःचा हिस्सा घातल्याशिवाय सरकारचा पैसा यावयाचा नाही, ही अट महत्त्वाची ठरली. तीमुळे ग्रंथालय गावाचे झाले. परंतु 'गावाचे' म्हणजे वर्गणी जमवू शकणाऱ्या मंडळींचे, असाही तिचा अर्थ होत होता.

पेटी आणि पडदा

बॉर्डन १९१३ मध्ये परत गेले. त्यांनी तयार केलेली वर्गीकरण पद्धती आणि १९११ मध्ये सुरू केलेला प्रशिक्षणवर्ग यांविषयी ग्रंथालयशास्त्रात पुष्कळ लिहिले गेले आहे. ग्रामीण वाचकाच्या दृष्टीने मात्र फिरते ग्रंथालय ही अधिक मोलाची सेवा होती. निवडक पुस्तकांची लाकडी पेटी मध्यवर्ती विभागाकडून गावी जाई, ठरावीक मुदतीनंतर परत येई आणि तिच्या जागी दुसरी येई. वाहतुकीचा खर्च खाते सोशी. दहा-वीस पुस्तके विकत घेऊन ती वर्षभरात वाचून संपली की कपाटाला कुलूप लागणे, ही लहान वाचनालयाची नेहमीची व्यथा होती. पेटीने तिच्यावर उपाय शोधला.

निरक्षरांसाठी दृक्‌शिक्षण शाखा होती. जादूच्या कंदिलाची चित्रे, स्टिरिओस्कोप आणि सिनेमॅटोग्राफ घेऊन तिचे कर्मचारी गावोगाव हिंडत. ग्रंथालयाने अक्षर न ओळखणाऱ्याचाही विचार करावा, ही कल्पना त्या काळाच्या मानाने धाडसी होती. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रिया व मुलांसाठी स्वतंत्र व्यवस्था होती. 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक १९१२ पासून इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तिन्ही भाषांत मजकूर देत असे. राजघराण्याची भाषा आणि बहुसंख्य प्रजेची भाषा वेगवेगळी असलेल्या राज्यात ही बाब लक्षणीय आहे.

विनाशुल्क आणि खुले

येथे एक भेद करणे आवश्यक आहे. सेवा विनाशुल्क असणे आणि ती सर्वांना खुली असणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. खेड्यातील वाचनालय शाळेत, चावडीत किंवा धर्मशाळेत भरे. तेथे पाऊल कोणी टाकावयाचे हे ग्रंथालयाच्या नियमापेक्षा त्या जागेच्या रूढीवर अधिक अवलंबून होते. ज्या संस्थानाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, त्याच्याच राजधानीत १९१७ मध्ये नोकरीवर रुजू झाल्यावर त्यांना राहावयास जागा मिळू शकली नाही. राजधानीची ही स्थिती असताना खेड्यातील वाचनालयाच्या पायरीवर काय घडत असेल, हे अनुमानाने कळते. राजाचा आदेश आणि गावाची रीत यांतील हे अंतर पुस्तकांच्या पेटीने मिटणारे नव्हते. चळवळीच्या गौरवपर इतिहासात हा मुद्दा सहसा येत नाही.

महाराष्ट्राने घेतलेला मार्ग

१९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. मुंबई सरकारने १९३९ मध्ये नेमलेल्या फैजी समितीने गावापासून मध्यवर्ती ग्रंथालयापर्यंतची श्रेणीबद्ध योजना सुचविली होती. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम मात्र १९६७ मध्ये झाला. त्यात ग्रंथालय कराची तरतूद नाही. शासनाने स्वतः ग्रंथालये काढण्याऐवजी संस्थांनी चालविलेल्या ग्रंथालयांना मान्यता व अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले आणि त्यांची 'अ' ते 'ड' अशी वर्गवारी केली. लोकांचा हिस्सा व सरकारचा हिस्सा हे बडोद्याचे सूत्र येथे वेगळ्या रूपात दिसते. मात्र फिरत्या पेटीला त्यात मध्यवर्ती स्थान मिळाले नाही. 'ड' वर्गाच्या ग्रंथालयात वर्तमानपत्राचे टेबल सर्वांसाठी असते. पुस्तक घरी नेण्यासाठी मात्र अनामत व वर्गणी भरून सभासद व्हावे लागते, आणि नव्या पुस्तकांची खरेदी अनुदानाच्या हप्त्याची वाट पाहते.