जुनं बोट इंजिन घेताय? गोठून तडा गेलाय का, हे असं तपासा

साताऱ्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयावर तापोळा आणि बामणोलीच्या लाँच चालतात. वासोट्याला जाणारे ट्रेकर बामणोलीहून लाँचनेच पलीकडे जातात. सांगलीत कृष्णा-वारणेच्या काठावरच्या गावांना पावसाळ्यात यांत्रिक बोटीची गरज पडते. नवं इंजिन महाग, म्हणून अनेकजण सेकंडहँड इंजिन शोधतात.

असं इंजिन बघताना आपल्याकडचे मेकॅनिक तेल, प्लग, पंप, आवाज सगळं तपासतात. पण एक गोष्ट सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. हे इंजिन कधी गोठलं होतं का? आपल्याकडे इंजिनातलं पाणी गोठतच नाही, त्यामुळे तसा तडा शोधायची सवयही नाही. थंड प्रदेशातून आलेलं इंजिन मात्र आपला तडा सोबत घेऊन येतं.

महाबळेश्वरला हिमकण पडतात, मग तिथे इंजिन फुटेल का?

डिसेंबर-जानेवारीत वेण्णा लेकच्या जेटीवर, गाड्यांच्या टपावर पांढरे हिमकण साचल्याचे फोटो दरवर्षी फिरतात. निरभ्र रात्री वारा पडलेला असला की जमीन आणि पत्रा झपाट्याने थंड होतो. थंड हवा जड असल्याने ती तलावाच्या खोलगट भागात साचते. पत्र्यावरचा दवाचा पातळ थर तेवढ्यात गोठतो.

इंजिनाच्या आतल्या पाण्याची गोष्ट वेगळी आहे. ० अंशावर आलेलं एक ग्रॅम पाणी गोठायला त्यातून सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर जावी लागते. ब्लॉकमधलं काही लिटर पाणी गोठायचं तर तापमान शून्याखाली बरेच तास राहायला हवं. पहाटेच्या तासा-दोन तासांत ते होत नाही. म्हणूनच वेण्णा तलाव गोठत नाही आणि साताऱ्यात राहिलेलं इंजिनही गोठून फुटत नाही.

श्रीनगरच्या दल सरोवराचं पाणी मात्र कडक हिवाळ्यात वरून गोठतं. युरोप, उत्तर अमेरिका, जपानचा उत्तर भाग इथेही हीच स्थिती. इंजिन अशा ठिकाणाहून आलं असेल, तर पुढची तपासणी टाळू नका.

गोठल्याने नेमकं काय होतं?

पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान साधारण ९ टक्क्यांनी वाढतं. ब्लॉकच्या आत पाणी फिरायला पोकळ वाटा असतात. त्यांत पाणी अडकून गोठलं की फुगायला जागा उरत नाही. बिडाचा ब्लॉक वाकत नाही, तडकतो. अ‍ॅल्युमिनियमचं आवरणही फुटू शकतं.

थंड प्रदेशात हिवाळ्यापूर्वी इंजिनातलं पाणी काढून टाकतात किंवा बंद कूलिंगमध्ये अँटीफ्रीझ भरतात. हे काम राहून गेलेल्या इंजिनाला एका हिवाळ्यात तडा जाऊ शकतो.

कोणत्या इंजिनाला धोका जास्त?

बोटीच्या आत बसवलेल्या इनबोर्ड इंजिनाला. नदी-तलावाचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरत असेल, तर बोट बाहेर काढल्यावरही काही पाणी आत उरतं.

बोटीच्या मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन उभं ठेवलं की त्यातलं बहुतेक पाणी आपोआप खाली निथळतं. त्यात तपासायची जागा म्हणजे पंख्याच्या वरची गिअरपेटी. तिचं सील गेलं असेल तर तेलात पाणी शिरतं आणि ते गोठलं की पेटी फुटते.

तपासणी: इंजिन थंड असताना

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की तुम्ही येण्यापूर्वी इंजिन सुरू करू नका.

१. पहिला प्रश्न: हे इंजिन कुठे वापरलं आणि हिवाळ्यात कुठे ठेवलं होतं? उत्तर मिळत नसेल तर ते गोठलं असावं असं धरूनच पुढे तपासा.

२. बाहेरून टॉर्च मारा. ब्लॉकच्या बाजू, खालचा भाग, मॅनिफोल्ड नीट बघा. गंजाची सरळ रेघ, पांढरट ओघळ, वेल्डिंग, एम-सीलसारखा भराव दिसला तर थांबा. बाकी इंजिन जुनाट आणि एकाच बाजूला ताजा रंग असेल, तर तो रंग का दिला ते विचारा.

३. ब्लॉकच्या बाजूला वाटीसारख्या गोल पत्र्याच्या टोप्या ठोकलेल्या असतात. एखादी बाहेर सरकलेली किंवा नवी बसवलेली असेल तर आत बर्फ झाला असण्याची शक्यता आहे. टोपी निसटली म्हणून ब्लॉक वाचलाच असं मात्र नाही.

४. संशयाच्या जागी रॉकेल-खडूची जुनी युक्ती वापरा. जागा घासून स्वच्छ करा, रॉकेल लावा, थोड्या वेळाने कोरडं पुसा आणि खडूची पूड लावा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येऊन पुडीवर काळपट रेघ उमटते. हे करताना जवळ आग नको.

५. तेल बघा. डिपस्टिकवर दुधाळ, चहासारखं तेल आलं तर त्यात पाणी आहे. इंजिन रात्रभर उभं असेल तर ऑइल चेंबरचा खालचा नट हळूच सैल करा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने आधी तेच बाहेर येतं. गिअरपेटीचा खालचा स्क्रूही असाच सैल करून पहिले थेंब बघा.

तेल एकदम नवं दिसलं तर आनंद मानू नका. दुधाळ तेल काढून नवं भरणं हे अर्ध्या तासाचं काम आहे.

तपासणी: इंजिन सुरू करून

बारीक तडा थंड इंजिनात दिसत नाही. धातू तापून फुगला आणि पाण्याचा दाब वाढला की तो पाझरू लागतो. म्हणून दोन मिनिटं सुरू करून दाखवलेल्या इंजिनावर सौदा करू नका.

आउटबोर्ड पाण्याशिवाय सुरू करू नका, पंपाचा रबरी पंखा लगेच खराब होतो. शक्यतो बोटीला लावून, माणसं बसवून, किमान अर्धा तास चालवा. इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार सतत पडायला हवी. नंतर इंजिन थंड होऊ द्या आणि तेल पुन्हा बघा. नवं तेल तासाभरात दुधाळ झालं, तर पाणी आतूनच येतंय.

धुरावर फार विसंबू नका. बऱ्याच बोट इंजिनांत थंड करणारं पाणी धुराबरोबरच बाहेर पडतं, त्यामुळे थोडी पांढरी वाफ नेहमीची असते.

सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी असेल तर कारण शोधा. डिझेलला वेगळा गेज लागतो.

शेवटची आणि सगळ्यात खात्रीची चाचणी दाबाची. रेडिएटर तपासायचा हातपंप मोठ्या गॅरेजमध्ये असतो. पाण्याच्या वाटा बंद करून, त्या इंजिनाला चालेल तेवढाच दाब द्या आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघा. काटा खाली आला आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर गळती आत आहे.

दुधाळ तेल म्हणजे तडाच का?

नाही. हेड गॅस्केट गेलं तरी असंच होतं. सांगली भागात तिसरी शक्यताही आहे: पुरात बुडालेलं इंजिन. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली होती. तिथली धोका पातळी ४५ फूट आहे. असं बुडालेलं इंजिन धुऊन पुसून विकायला येऊ शकतं.

फरक गाळावरून कळतो. वरचं झाकण काढा. वायरच्या जोडांत, स्टार्टरच्या खाचांत, बोल्टच्या मागे वाळलेला बारीक गाळ असेल तर इंजिन बुडालेलं आहे. गोठलेलं इंजिन वरून अगदी स्वच्छ असू शकतं.

तडा सापडला तर?

बिडाचं वेल्डिंग होतं, पण ते कसबी कारागिराचं काम आहे. तापवून जोडताना शेजारी नवा तडा जाण्याची भीती असते. भराव लावलेला ब्लॉक तात्पुरता चालतो. प्रवासी किंवा पुराच्या बोटीसाठी असं इंजिन घेऊच नये. सुट्या भागांच्या किमतीत मिळत असेल तर गोष्ट वेगळी.

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली आणि अनेकांचे जीव गेले. तेव्हा चर्चा झाली ती बोटीत बसलेल्या जादा माणसांची. इंजिन हा त्याच सुरक्षिततेचा दुसरा भाग आहे. रस्त्यावर गाडी बंद पडली तर बाजूला लावता येते. पुराच्या धारेत इंजिन बंद पडलं की बोट प्रवाहाच्या ताब्यात जाते, आणि पुढे पूल असतो, झाडं असतात, विजेच्या तारा असतात.

म्हणून विकणारा अर्धा तास पाण्यात इंजिन चालवून दाखवायला आणि नंतर तेल बघू द्यायला तयार नसेल, तर किंमत कितीही कमी असली तरी ते इंजिन सोडून द्या.