पुराव्याचीं दोन मापें

वऱ्हाडांत ज्याला तहसीलदार म्हणतात, त्यालाच पश्चिम महाराष्ट्रांत पूर्वीं मामलेदार म्हणत. राळेगांवसारख्या तालुक्याच्या गांवीं शेतकऱ्याला सरकार दिसतें तें याच अधिकाऱ्याच्या रूपानें. कचेरीच्या चौकशींत जबानी होते, फौजदारी न्यायालयांतहि होते. पण दोन्हीकडे पुराव्याचें माप एक नसतें. पुण्याच्या क्रॉफर्ड प्रकरणांत हा भेद प्रथम सर्वांच्या डोळ्यांवर आला.

आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर. पुढें मध्य भागाचे कमिशनर. मामलेदारांकडून बढती-बदलीसाठीं लांच घेतल्याचा आरोप १८८८ सालीं त्यांच्यावर आला. त्यांच्या मध्यस्थावर फौजदारी खटला होऊन शिक्षा झाली. खुद्द क्रॉफर्ड यांच्यासाठीं मात्र १८५० च्या कायद्यान्वयें चौकशी-कमिशन बसलें.

लांच दिल्याचें कबूल करणारा मामलेदार स्वतःच गुन्हेगार ठरे. म्हणून लॉर्ड रे यांच्या सरकारनें साक्षीदारांस अभयवचन दिलें. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचें १३३ वें कलम म्हणे, साथीदाराच्या एकट्या साक्षीवरून दिलेली शिक्षा केवळ तेवढ्यामुळें बेकायदेशीर होत नाहीं. ११४ वें कलम मात्र दुजोऱ्यावांचून अशी साक्ष अविश्वसनीय मानण्यास मुभा देई. कमिशननें लांचेचा आरोप शाबीत धरला नाहीं. हाताखालच्यांकडून कर्ज घेतल्याचा ठपका मात्र ठेवला. तो सेवानियमांचा भंग होता, आणि तेवढ्यावरच क्रॉफर्ड यांची नोकरी गेली.

पण अभयावर विसंबून बोललेल्या कांहीं मामलेदारांचीहि नोकरी गेली. टिळकांनीं त्यांची बाजू हिरिरीनें मांडली. १८८९ च्या कायद्यानें त्यांचें खटल्यांपासून रक्षण केलें. गेलेली जागा परत दिली नाहीं.

१९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें वेंकटरामन प्रकरणांत ठरविलें कीं, १८५० च्या कायद्याखालील चौकशी हा फौजदारी खटला नव्हे. म्हणून तीनंतरहि खटला भरतां येतो. १९७७ सालीं हरियाणाच्या एका बसवाहकाच्या प्रकरणांत, पैसे देऊनहि तिकीट न मिळालेल्या प्रवाशांना साक्षीस न बोलावतां, तपासनीसाच्या साक्षीवर खात्याचा निर्णय टिकला. विश्वासार्ह व संबद्ध असल्यास ऐकीव माहितीहि तेथें वर्ज्य नाहीं. न्यायालयांत दोष वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. खात्यांत संभाव्यतेचें पारडें झुकलें कीं पुरे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. हा भेद तसाच राहिला. मात्र सैल माप म्हणजे मापच नव्हे असें नाहीं. आरोप लेखी कळविणें, उलटतपासणीची संधि देणें, आणि कांहीं तरी पुरावा असणें, हीं बंधनें खात्यालाहि आहेत. कारण तुरुंग टळला, तरी भाकर जाते.