पिको: न दिसणाऱ्या कडेची गोष्ट

साडी खरेदी झाली की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, ‘आता फॉल-पिकोला टाकायला हवी.’ आपल्या घराघरांत सहज वापरला जाणारा हा ‘पिको’ मुळात फ्रेंच शब्द आहे. ‘पिक’ म्हणजे टोक. लेसच्या किंवा फितीच्या कडेला असलेले बारीक टोकदार फासे म्हणजे पिको.

पण हवी कशाला ही कड? साडीच्या लांबीच्या दोन्ही बाजू मागावरच पक्क्या होतात. प्रश्न उरतो दोन टोकांचा. तिथे ताण्याचे धागे कापले जातात आणि मोकळे सुटतात. त्यांना आपण दशा म्हणतो. त्या उसवू नयेत म्हणून पिळून गाठी मारल्या की पदराला शोभाही यायची. सोय आणि सजावट एकाच गाठीत.

युरोप-अमेरिकेत हे काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मशीनकडे गेलं. हेमस्टिचिंगचं मशीन कापडात ओळीनं बारीक छिद्रं पाडायचं आणि त्यांच्या दोन्ही बाजू शिवायचं. छिद्रांच्या बरोबर मधून कात्री चालवली की एका शिवणीतून दोन दातेरी कडा तयार! 1920च्या दशकात शिफॉन-जॉर्जेटचे झुळझुळीत ड्रेस आले आणि या कडेचं नशीब फळफळलं. असं कापड दुमडून शिवलं तर त्याचा झोक बिघडतो, हातानं गुंडाळून शिवायचं तर तासन्‌तास जातात. मग अमेरिकेतल्या गावोगावच्या दुकानांनी जाहिरात केली: ‘पिको करून मिळेल.’ आपल्या गल्लीतल्या पाटीसारखीच.

आपल्याकडे शिफॉनची साडी लोकप्रिय करण्याचं श्रेय बहुतेकदा कूचबिहारच्या महाराणी इंदिरादेवींना दिलं जातं. त्या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची कन्या. त्या फ्रान्समधून शिफॉन मागवत. असल्या तलम कापडाला जड काठाचा आधार नसतो, त्यामुळे कड नाजूकच हवी.

आज गल्लीत होणाऱ्या पिकोत ती छिद्रं नाहीत. कडेवर दाट झिगझॅग टाका बसतो. नाव तेवढं राहिलं.

हाच झिगझॅग 1970च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये स्टीफन बरोज या तरुण कृष्णवर्णीय डिझायनरच्या हातात वेगळाच खुलला. ताणली जाणारी जर्सी ओढून धरायची आणि कडेवर दाट टाके घालायचे. हात सोडला की मधलं कापड मूळ लांबीवर येतं, कड मात्र लांबच राहते. जास्तीची लांबी जाणार कुठे? ती लाटा होऊन वर-खाली बसते. सॅलडच्या पानाची कडही याच हिशेबानं चुणते, कारण ती मधल्या भागापेक्षा जास्त वाढते. दिवसभर कोड लिहिणाऱ्या मला हे गणित फार आवडलं. म्हणूनच या कडेला ‘लेट्यूस हेम’ म्हणतात. 28 नोव्हेंबर 1973 रोजी व्हर्सायच्या राजवाड्यात फ्रेंच डिझायनरांसमोर उभ्या राहिलेल्या पाच अमेरिकनांत बरोज होता.

नंतर ही कड मागे पडली, नव्वदच्या दशकात परतली आणि अलीकडे क्रॉप टॉपवर पुन्हा दिसू लागली. इकडे पदराच्या गाठी गोंडे होऊन परत आल्या आणि त्यांचे आता वेगळे पैसे पडतात. पिको मात्र कधी गेलाच नाही, म्हणून त्याच्या परतण्याची बातमीही होत नाही.

मला वाटतं, फरक टाक्यात नाही, दोऱ्याच्या रंगात आहे. बरोज मुद्दाम कापडाहून वेगळ्या रंगाचा दोरा घ्यायचा, कड दिसावी म्हणून. आपली पिकोवाली ताई भिंतीवरच्या शेकडो रिळांतून साडीत मिसळून जाणारा नेमका रंग शोधते. तिचं काम जितकं चोख, तितकं ते कमी दिसतं. आणि जे दिसत नाही, त्याचा भाव वाढवून मागणं अवघड असतं.